किरायाच्या कामात नवीन असाल तर आधी लाईट बिल मागायला शिका

नागपुरात किरायाची घरं, दुकानं, ऑफिसं मिळवून द्यायचं काम मी गेली आठ वर्षं करतो आहे. या दोन-तीन महिन्यांत बऱ्याच पोरांनी विचारलं की दादा ब्रोकरच्या लाईनमध्ये यायचं आहे, सुरुवात कशी करू, तर प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

पैशाचं आधी. फ्लॅटला साधारण एका महिन्याचं भाडं दलाली, दुकानाला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी एकेक महिना. सीझन जून-जुलैचा, कॉलेजच्या ऍडमिशन आणि बदल्यांचा. दिवाळीनंतर घरांचं काम थंड होतं, त्यामुळे पहिल्या वर्षी घरखर्चाची दुसरी सोय ठेवूनच या. नुसतं भाड्याचं काम करायला महारेराचं (बिल्डर आणि ब्रोकर लोकांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) रजिस्ट्रेशन लागत नाही, पण ज्या दिवशी रजिस्टर्ड प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायला घ्याल त्या दिवशी लागतं, आणि २०२३ पासून त्याला ट्रेनिंग आणि परीक्षा पण आहे. ती देऊनच टाका, अभ्यास कामाला येतो.

आणि सगळं शहर एकदम धरू नका. मनीष नगर, बेसा, बेलतरोडीकडे मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरी करणारे लोकं येतात, रामदासपेठेत डॉक्टरांचे क्लिनिक, धरमपेठ-गोकुळपेठेत कपड्यांची आणि खाण्याची दुकानं, प्रत्येक एरियाची भाषाच वेगळी आहे. डिसेंबर २०२२ पासून मेट्रो चारही दिशांना चालू झाली तेव्हापासून गिऱ्हाईक पहिले विचारते की स्टेशन पायी किती दूर. इतवारी-महालातल्या जुन्या दुकानांमध्ये आजोबाच्या काळापासूनचे भाडेकरू आणि पागडीचे (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाडं) व्यवहार आहेत, तिकडे पहिली दोन वर्षं कोणी जाणकार सोबत असल्याशिवाय हात घालू नका.

आता लाईट बिल. जागा बघायला गेलो की मी भाव विचारायच्या आधी मालकाला म्हणतो, काका, महावितरणचं मागच्या महिन्याचं बिल दाखवता का. त्या एका कागदावर नाव असतं, ते समोर बसलेल्या माणसाचं आहे की वारलेल्या वडिलांचं हे कळतं, वडिलांचं असेल तर मग मुलं किती, घर कोणाच्या नावावर झालं, सही कोण करणार हे सगळे प्रश्न तिथेच विचारता येतात. थकबाकी असते. मागच्या महिन्यांचा वापर असतो, त्यावरून जागा किती दिवस रिकामी होती ते समजतं, आणि बराच काळ रिकामी असेल तर काहून रिकामी हे शेजारच्या पानठेल्यावर विचारायचं. आणि दुकानासाठी सगळ्यात महत्त्वाच्या दोन ओळी म्हणजे दर संकेत आणि मंजूर भार. दर संकेत म्हणजे मीटर घरगुती आहे की कमर्शियल, मंजूर भार म्हणजे किती किलोवॅट मंजूर आहे.

हे मला ठेच लागून समजलं. दुसऱ्या वर्षी त्रिमूर्ती नगरात एका ताईंना बेकरीसाठी दुकान लावून दिलं, घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवलेलं, रस्त्यावरच, भाडं पण परवडणारं. मी मालकाला विचारलं लाईटचं कसं आहे, ते म्हणाले, "लाईट आहे ना भाऊ, सगळं चालून राहिलं." मी बिल मागितलं नाही. ताईंनी टाईल्स, काउंटर, रंग सगळं केलं, इलेक्ट्रिक ओव्हन आणला, आणि पहिल्याच दिवशी ओव्हन आणि फ्रीज सोबत लावले की एमसीबी (भार जास्त झाला की लाईट तोडणारा स्विच) पडायला लागला. बिल पाहिलं तर सिंगल फेज, घरगुती, भार एक किलोवॅट. भार वाढवायला आणि मीटर कमर्शियल करायला अर्ज मालकाच्या नावाने पाहिजे, मालक म्हणे मी करणार नाही, घरटॅक्स वाढेल. त्यातच मीटरची तपासणी झाली, घरगुती मीटरवर धंदा म्हणजे वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर, त्याची आकारणी दुप्पट दराने होते. दुसऱ्या महिन्यात ताईंनी दुकान सोडलं. माझी दलाली मी परत केली, पण भिंतीला लावलेल्या टाईल्स काही उखडून नेता येत नाहीत, त्या दिवशी त्या शटर ओढून पायरीवर बसल्या होत्या ते मला आजही दिसतं.

घरांच्या बाबतीत नागपूरची आपली एक वेगळी तपासणी आहे, ती म्हणजे कूलरची. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला मी बेसाला टॉप फ्लोअरचा फ्लॅट दाखवला होता, डिसेंबरमध्ये, सकाळी अकरा वाजता, मस्त ऊन येऊन राहिलं होतं, त्यांना फार आवडला. मग मे महिना आला, पारा ४५ च्या वर, स्लॅब दिवसभर तापलेला आणि बेडरूमची भिंत पश्चिमेची. कूलर लावायचा तर खिडकीची ग्रील अशी वेल्डिंग केलेली की कूलर बसतच नाही, बाहेर स्टँड ठोकायला सोसायटीची परवानगी नाही, जवळ नळ नाही, म्हणजे डेझर्ट कूलरमध्ये रोज बादल्या वाहून टाका. आता मी टॉप फ्लोअर असला की संध्याकाळी चार-पाचला घेऊन जातो, पश्चिमेच्या भिंतीला हात लावायला सांगतो, कूलरची खिडकी टेपने मोजतो, एसीचा मोठा पॉईंट आहे का बघतो. दोन गिऱ्हाईकं हातची जातात तशाने, जाऊ द्या. जे राहतात ते पुढच्या वर्षी आपल्या भावाला, मित्राला घेऊन येतात.

ऍग्रीमेंटबद्दल नवीन पोरांमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज आहे. अकरा महिन्यांचं आहे म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी चालते, असं सगळेच सांगतात. एक वर्षापेक्षा जास्तीच्या लीजला रजिस्ट्रेशन लागतं या जुन्या कायद्यावरून ते डोक्यात बसलं आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, मुदत किती का असेना. ती जबाबदारी मालकाची आहे, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलटं सिद्ध होत नाही. मालक लोकांना हे शेवटचं वाक्य सांगा, लगेच तयार होतात. प्रताप नगरच्या एक काकू मला म्हणाल्या होत्या, "अरे बाळा, एवढ्याशा खोलीसाठी एवढा खर्च काहून?" मी कागदावर मांडून दाखवलं. भाडं १५,०००, डिपॉझिट ३०,०००, अकरा महिने. भाड्याचे झाले १,६५,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरायचं ते झालं २,७५०, बेरीज १,६७,७५०, त्याचे पाव टक्का म्हणजे स्टॅम्प ड्युटी ४००-५०० च्या घरात, आणि शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. आधारवर अंगठा घेऊन घरबसल्या होते. काकूंनी चहा ठेवला आणि सही केली.

हा पाव टक्का लिव्ह अँड लायसन्सला आहे, म्हणजे जागा ठराविक मुदतीसाठी फक्त वापरू देण्याच्या कराराला, ६० महिन्यांपर्यंत. लीज, म्हणजे जागेत हक्क देणारा भाडेपट्टा, म्हणून लिहिलं की ड्युटीचा हिशोबच बदलतो, फार जास्त होते, म्हणून कागदाच्या वर काय शब्द आहे ते वाचा. राहायच्या जागेच्या लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते, हे भाडेकरूला सही करायच्या आधी सांगा, नंतर नाही. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणं पण त्याच दिवशी उरकून घ्या, पोर्टलवर होते.

दुकान-ऑफिसच्या कामात टेप खिशात पाहिजे. सदरला एक ऑफिस ५०० फूट सांगितलं होतं, भाडं २५,०००, म्हणजे ५० रुपये फूट. आम्ही आतून मोजलं तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ३४० भरलं, म्हणजे वापरायच्या जागेचा भाव साडेत्र्याहत्तर पडला. मालक काही खोटं बोलत नव्हते, ते सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, जिना, पॅसेजचा वाटा धरून सांगत होते, पण आकडा समोर आला म्हणून भाडं २२ हजारांवर आलं. लॉक-इन (जेवढे दिवस मधेच सोडता येत नाही ती मुदत) किती महिने, दरवर्षी वाढ किती टक्के, फर्निचरच्या कामाच्या दिवसांचं भाडं लागेल की नाही, हे तीन मुद्दे तोंडी ठेवू नका. जीएसटी १८ टक्के भाड्यात धरला की वरून, हे विचारा, आणि मालक रजिस्टर्ड नसून भाडेकरू रजिस्टर्ड असला तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो भाडेकरूलाच भरावा लागतो, कंपोझिशनवाले (जीएसटीच्या छोट्या धंद्यांच्या सोप्या योजनेतले) सोडून. बँक किंवा १ कोटी आणि त्यावर पेड-अप कॅपिटल असलेली कंपनी भाडेकरू असेल तर तिला भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही, तिथे वकिलाकडूनच ड्राफ्ट करून घ्या. आणि प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजचा असेल तर लीज किती वर्षं उरली आहे आणि वापर कशाचा लिहिला आहे, तेवढं मालकाकडून कागदावर बघा.

चावी द्यायच्या दिवशी दोघांनाही बोलवा. नळ, पंखे, गिझर चालू करून बघा, भिंतींचे फोटो काढा, मग मीटरसमोर उभं राहून रीडिंगचा फोटो काढा आणि तिथेच दोघांच्या व्हॉट्सऍपवर टाका. बेकरीवाल्या ताईंनी दोन वर्षांनी मलाच परत फोन केला, नंदनवनला दुकान पाहिजे म्हणून. त्या दिवशी मी पोहोचायच्या आधीच त्यांनी मालकाकडून बिल मागून घेतलं होतं, थ्री फेज, कमर्शियल, दहा किलोवॅट, आणि ते बिल त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं.