हेड ऑफिस दुसऱ्या शहरात हलतंय? हो म्हणायच्या आधीची तयारी

ऑफिस शिफ्ट होणार अशी मेल आली की जो तो एकच विचारतो, तू जाणार का. उत्तर लगेच देऊ नका, मॅनेजरने जाता जाता विचारलं तरी नाही. आधी एचआरकडून लेखी घ्या की निर्णय कधीपर्यंत कळवायचा, गेलो तर पगार तोच राहणार का, आणि नाही गेलो तर हातात काय पडणार. तोंडी शब्दावर राहू नका, शब्द देणारा माणूसच कधीकधी शिफ्ट होत नाही.

मुदत कमी वाटली तर वाढवून मागा, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2019 मध्ये वॉशिंग्टनमधली दोन संशोधन ऑफिसं कॅन्सस सिटीला हलवली, जागा जूनमध्ये जाहीर केली आणि सप्टेंबरअखेर हजर व्हा म्हणाले, बहुतेक लोक गेलेच नाहीत आणि अनुभवी माणसं नोकरी सोडून गेल्यामुळे कामं रखडली. उलट टोयोटाने 2014 मध्ये कॅलिफोर्नियाहून टेक्सासला जायचं जाहीर केलं, नवीन कॅम्पस 2017 ला सुरू झाला, लोकांना घर, शाळा, जोडीदाराची नोकरी सगळं बघायला वेळ मिळाला आणि बरेच जण गेले.

मग रीलोकेशन लेटर सावकाश वाचा. सामानाचा खर्च कंपनी थेट देणार की तुम्ही आधी भरून बिलं लावायची, सुरुवातीचं भाडं किती दिवस, आणि त्या पैशांवर टॅक्स लागला तर तो कोणाच्या खिशातून. बऱ्याचदा बारीक अक्षरात एक कलम असतं की ठराविक काळाच्या आत नोकरी सोडली तर सगळे पैसे परत करायचे. कंपनीनेच काढलं तर हे लागू नाही, असं तिथे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या, मागायला अजिबात लाजू नका.

जमलं तर जोडीदाराला घेऊन एकदा तिथे जाऊन या, पण सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी सकाळी, जिथे घर घ्यायचा विचार आहे तिथून ऑफिसपर्यंत स्वतः जाऊन बघा. आईवडील सोबत असतील तर त्यांचे डॉक्टर आणि औषधं याची चौकशी तेव्हाच करा.

नाही जायचं ठरलं तरी अपराधी वाटून घेऊ नका. हँडओव्हरसाठी थांबायला सांगितलं तर त्याचा बोनस आणि शेवटची तारीख मेलवर घ्या, आणि सिस्टिमचा ॲक्सेस बंद व्हायच्या आधी पगाराच्या स्लिपा, अनुभवाचं पत्र, शिल्लक रजेचा हिशोब आपल्याकडे काढून ठेवा.