घोषणा ऐकली, आता अपडेट टाकायचं की थांबायचं?

जून महिना आला की ॲपल फोन, टॅबलेट आणि कॉम्प्युटर या तिन्हींच्या नव्या सॉफ्टवेअरची घोषणा करतं. अँड्रॉइडची बातमी साधारण त्याच सुमारास येते, विंडोजची वर्षभरात केव्हाही. कार्यक्रम संपतो न संपतो तोच कुणी 'अप्रतिम' म्हणतं, कुणी 'सगळं बिघडवलं' म्हणतं, आणि ज्याला रोज ते उपकरण वापरायचं आहे त्याचा प्रश्न तसाच राहतो: मी हे टाकू का, आणि कधी?

मला या घोषणा मनापासून आवडतात, दरवर्षी मी त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहते. पण रंगमंचावर दाखवलेलं सॉफ्टवेअर आणि आपल्या हातात चालणारं सॉफ्टवेअर यांत अंतर असतं. ते अंतर स्वतः मोजायची एक पद्धत मला हळूहळू सापडली आहे, ती इथे सांगते. उदाहरणं बरीचशी २०२५ ची घेतली आहेत, कारण त्या वर्षी ॲपलच्या तिन्ही उपकरणांचं रूप एकदम पालटलं. क्रमांकसुद्धा बदलले: फोनवर १८ नंतर थेट २६ आला, मॅकवर १५ नंतर २६.

पायरी १: आधी स्वतःची कामं लिहा

घोषणा पाहण्याआधी कागद घ्या आणि त्या उपकरणावर तुम्ही रोज करता ती पाच-सहा कामं लिहा. 'फोटो काढते' इतकं मोघम नको. 'अनोळखी नंबरचे फोन टाळते', 'दोन कागद शेजारी ठेवून तिसरा लिहिते', 'रात्री लांबलचक मजकूर वाचते' असं नेमकं लिहा. मग घोषणेतली प्रत्येक नवी गोष्ट या यादीशी ताडून पाहा.

९ जून २०२५ च्या घोषणेत सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो 'लिक्विड ग्लास' या काचेसारख्या पारदर्शक रूपाचा. माझ्या यादीशी ताडल्यावर मात्र पहिला नंबर लागला कॉल स्क्रीनिंगचा. अनोळखी नंबरवरून फोन आला की आयफोनच समोरच्याला नाव आणि काम विचारतो, उत्तर स्क्रीनवर लिहून दाखवतो, आणि घ्यायचा की नाही ते आपण ठरवतो. कार्यक्रमात ही गोष्ट झटकन उरकली गेली. माझ्या दृष्टीने त्या दिवसातली सर्वांत कामाची तीच होती. अशा सोयी सगळ्या भाषांत आणि सगळ्या प्रदेशांत एकदम येत नाहीत, म्हणून कंपनीच्या साइटवर तेवढं पाहून ठेवा.

पायरी २: तुमच्या उपकरणाला नेमकं काय मिळणार ते पाहा

'अपडेट मिळणार' आणि 'सगळ्या नव्या गोष्टी मिळणार' ही दोन वेगळी विधानं आहेत. आयओएस २६ आयफोन ११ आणि दुसऱ्या पिढीच्या एसईपासून पुढे चालतं. एक्सआर आणि एक्सएस त्यातून वगळले गेले. पण 'ॲपल इंटेलिजन्स' नावाखाली येणाऱ्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या गोष्टींना किमान आयफोन १५ प्रो लागतो. म्हणजे आयफोन १३ वापरणाऱ्याला नवं रूप पूर्ण मिळतं, मात्र घोषणेतला मोठा भाग त्याच्यासाठी नसतोच.

मॅकवर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मॅकओएस टाहो (म्हणजे मॅकवरचं २६) हे इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटचं मोठं अपडेट असल्याचं ॲपलने जाहीर केलं, आणि तेही इंटेलच्या मोजक्याच मॉडेलांवर चालतं: २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, चार थंडरबोल्ट पोर्टवाला २०२० चा १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा २७ इंची आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. विंडोजवाल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पायरी ३: 'लवकरच' हा शब्द कुठे आहे ते शोधा

घोषणेच्या पानावर तळाला बारीक अक्षरांत ओळी असतात. 'या वर्षाच्या उत्तरार्धात', 'पुढील अपडेटमध्ये', 'सुरुवातीला काही भाषांत' हे शब्द तिथे सापडतात. त्या ओळी मुख्य मजकुराइतक्याच गंभीरपणे वाचा.

एकाच माउस-कीबोर्डने मॅक आणि आयपॅड दोन्ही चालवण्याची 'युनिव्हर्सल कंट्रोल' ही सोय जून २०२१ मध्ये दाखवली गेली आणि लोकांच्या हातात पडली मार्च २०२२ मध्ये. आली तेव्हा ती उत्तम चालली, उशीर झाला इतकंच. पण जून २०२४ मध्ये दाखवलेली, आपल्या ईमेल-मेसेजचा संदर्भ समजून काम करणारी सिरी मार्च २०२५ मध्ये पुढे ढकलल्याचं कंपनीलाच सांगावं लागलं. अँड्रॉइड १६ बाबत दोन्ही गोष्टी घडल्या: ते नेहमीपेक्षा बरंच लवकर, १० जून २०२५ ला गूगलच्या पिक्सेल फोनवर आलं, पण मे महिन्यात गाजावाजा करून दाखवलेलं 'मटेरियल ३ एक्सप्रेसिव्ह' हे नवं रूप त्यात नव्हतं. ते पिक्सेलवर सप्टेंबरमध्ये पोहोचलं. इतर कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनना तर मूळ अपडेटसाठीही आपापल्या कंपनीची वाट पाहावी लागते.

म्हणून माझा नियम सरळ आहे: आज जे उपलब्ध आहे त्याच्यासाठीच अपडेट टाकायचं किंवा नवं उपकरण घ्यायचं. वचनावर पैसे घालायचे नाहीत.

पायरी ४: बीटावरून मत बनवताना सावध राहा

बीटा म्हणजे चाचणीसाठी दिलेली अपुरी आवृत्ती. २०२५ मध्ये डेव्हलपरांचा बीटा घोषणेच्याच दिवशी आला, सर्वांसाठीचा २४ जुलैला, आणि अंतिम आवृत्ती १५ सप्टेंबरला. या तीन महिन्यांत काय काय बदललं ते पाहिलं की बीटावरची घाईची मतं किती लवकर शिळी होतात ते कळतं. पहिल्या बीटात कंट्रोल सेंटर (वाय-फाय, ब्राइटनेस वगैरेंच्या बटणांचा पडदा) इतकं पारदर्शक होतं की मागचे आयकॉन आणि पुढची बटणं एकमेकांत मिसळत. दुसऱ्यात मागची बाजू धूसर केली गेली. तिसऱ्यात बऱ्याच पट्ट्यांची पारदर्शकता कमी झाली, आणि चौथ्यात त्यातली काही परतही आली.

लिक्विड ग्लासबद्दल माझं मत विचाराल तर: बटणं हलताना, मेन्यू उघडताना ते खरंच देखणं दिसतं, बोटाखाली काहीतरी जिवंत आहे असं वाटतं. पण मजकूर वाचताना ते आड येतं. अक्षरांच्या मागे चित्र सरकत असलं की डोळ्यांना जास्त कष्ट पडतात, आणि फोनवर आपण सर्वाधिक वेळ वाचतच असतो. ज्यांची नजर कमजोर आहे त्यांच्यासाठी तर हा शोभेचा प्रश्न उरत नाही. पुढे २६.१ मध्ये 'टिंटेड' हा कमी पारदर्शक पर्याय दिला गेला, त्याचा मला फार आनंद झाला.

बीटा वापरून पाहायचाच असेल तर दुय्यम उपकरणावर पाहा. ज्या फोनवर बँक आहे, ओळखपत्रं आहेत, घरच्यांचे फोन येतात, त्यावर नको. मॅकवर एक चांगली सोय आहे: डिस्क युटिलिटी या ॲपमध्ये वेगळा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग, तयार करून बीटा तिथे टाकता येतो, रोजची आवृत्ती जागच्या जागी राहते. आयफोनवर अशी सोय नाही.

पायरी ५: परतीचा रस्ता आधी पक्का करा

अंतिम आवृत्ती आली तरी ही पायरी गाळू नका. आयफोन आणि आयपॅडवर नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच काळात ॲपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणं बंद करतं, मग मागे जाता येत नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही. त्यामुळे अपडेटच्या आधी कॉम्प्युटरला जोडून बॅकअप घ्या, तो एन्क्रिप्ट करा (पासवर्डने कुलूपबंद करा) म्हणजे पासवर्ड आणि आरोग्याची माहितीही त्यात येते, आणि 'अर्काइव्ह' करून ठेवा म्हणजे पुढचा बॅकअप त्यावर चढणार नाही. मॅकसाठी टाइम मशीन ही बॅकअपची सोय आहेच. विंडोजवर मोठं अपडेट टाकल्यानंतर साधारण १० दिवस 'गो बॅक' हा पर्याय राहतो, तेवढ्यात ठरवा.

पायरी ६: पहिले काही दिवस निकाल देऊ नका

अपडेटनंतर फोन गरम होतो, बॅटरी भराभर उतरते, आणि लोक लगेच अपडेटला दोष देतात. त्या वेळी आत काय चाललेलं असतं? फोन सगळ्या फाइली आणि फोटोंची सूची नव्याने तयार करत असतो, ॲप नव्या आवृत्तीशी जुळवून घेत स्वतः अपडेट होत असतात. मोठ्या अपडेटनंतर हा परिणाम तात्पुरता दिसू शकतो असं ॲपलनेही लिहिलं आहे. रात्री चार्जिंगला लावून ठेवा, काही दिवस जाऊ द्या, आणि मग सेटिंगमधला बॅटरीचा आलेख पाहा.

या दिवसांत एक काम मात्र लगेच करा. रूप खटकत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, आणि त्यात 'रिड्यूस ट्रान्स्परन्सी' चालू करून पाहा. हालचालीने गरगरत असेल तर ॲक्सेसिबिलिटीतच मोशनमध्ये 'रिड्यूस मोशन' आहे. टिंटेडचा पर्याय डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये लिक्विड ग्लास या नावाखाली मिळेल. हे पर्याय फक्त अडचण असलेल्यांसाठी आहेत असं समजू नका. मी ते सरसकट सगळ्यांना सुचवते.

पायरी ७: प्रत्येक उपकरणाचा निर्णय वेगळा घ्या

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. तिन्ही उपकरणांना एकच क्रमांक मिळाला म्हणून तिन्ही अपडेट एकाच तोलामोलाची ठरत नाहीत.

टॅबलेटसाठी आयपॅडओएस २६ हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं सर्वांत अर्थपूर्ण अपडेट आहे. २०२२ मध्ये अनेक विंडो एकत्र उघडणारा 'स्टेज मॅनेजर' आला तेव्हा तो मोजक्या महागड्या मॉडेलांपुरता होता आणि विंडो कुठे बसेल ते बऱ्याच अंशी आयपॅडच ठरवायचा. आता विंडो हवी तिथे सरकवता येते, हव्या त्या मापाची करता येते, वरून मेन्यू बार खाली ओढता येतो, आणि हे अपडेट चालणाऱ्या प्रत्येक आयपॅडवर ते मिळतं. दोन कागद शेजारी ठेवून तिसरा लिहिण्याचं माझं काम पहिल्यांदाच टॅबलेटवर अडथळ्याविना झालं. एक त्रुटी होती: कडेला तरंगणारं छोटं 'स्लाइड ओव्हर' सुरुवातीला काढून टाकलं गेलं. त्यावर अवलंबून असलेल्यांची नाराजी रास्तच होती; २६.१ मध्ये ते परत आलं. हे सगळं नको असेल तर सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग अँड जेश्चर्स उघडा आणि 'फुल स्क्रीन ॲप्स' निवडा, टॅबलेट पूर्वीसारखा साधा वागेल.

कॉम्प्युटरवर उलट. टाहोमधलं स्पॉटलाइट, म्हणजे मॅकवरची शोधपट्टी, मला फार आवडलं: त्यातूनच ईमेल पाठवता येतो, शॉर्टकट चालवता येतो, आणि आधी कॉपी केलेल्या गोष्टी पुन्हा शोधता येतात. सगळ्या ॲप्सचे आयकॉन दाखवणारं लाँचपॅड मात्र गेलं, त्याच्या जागी ॲप्सची वेगळीच मांडणी आली, तेव्हा ज्यांनी तिथे आपले आयकॉन नीट लावून ठेवले होते त्यांनी आधीच तयारी करावी. पण कॉम्प्युटरवर पोटापाण्याचं काम चालतं. प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचं किंवा ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर, त्याचे प्लगइन यांपैकी एक जरी अडलं तरी दिवस वाया जातो. म्हणून रोज लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कंपनीने 'नव्या आवृत्तीवर चालतं' असं लिहून दिलंय का ते पाहा. लिहिलं नसेल तर थांबा.

पायरी ८: थांबायचं असेल तर सुरक्षा सांभाळून थांबा

मोठं अपडेट लांबवणं वेगळं आणि सुरक्षेची अपडेट टाळणं वेगळं. १५ सप्टेंबर २०२५ ला आयओएस २६ सोबतच आयओएस १८.७ ही आलं, म्हणजे ज्यांना नवं रूप नको होतं त्यांनाही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाल्या. अशी सोय कायम राहीलच असं नाही, पण असेल तेव्हा वापरा. सेटिंग्जमध्ये जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स इथे जाऊन अपडेट आपोआप बसणं बंद करा आणि दर आठवड्याला स्वतः तपासा.

मी स्वतः टॅबलेट आधी अपडेट करते, फोन पहिल्या '.१' आवृत्तीनंतर, आणि कॉम्प्युटर सगळ्यांत शेवटी, हातातलं मोठं काम संपल्यावर, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी.