झाडावर चढायचे स्पाइक्स घेताय? आधी झाडाची साल बघा

स्पाइक्स म्हणजे नडगीला पॅड लावून बांधायचे धातूचे दांडे, खाली तळव्याखालून जाणारी पट्टी आणि आतल्या बाजूला खोडात रुतणारं टोक. ते घ्यायचे म्हटलं की लोक आधी विचारतात केवढ्याला पडतात, पण त्याच्याआधी हे ठरवा की झाड पाडायचंय का नुसती छाटणी. छाटणीच असेल तर घेऊच नका, दोर-हार्नेसवर चढा, कारण प्रत्येक पावलाला सालीखालच्या जिवंत थरात भोक पडतं आणि तिथून बुरशी शिरते. नारळावर तर अजिबातच नको, त्याची जखम कधी भरून येत नाही आणि सोंड्या भुंग्याला आयतं आमंत्रण मिळतं. आणि पुण्यात झाड पाडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, सोसायटीचे चेअरमन "अहो आपल्याच आवारातलंय" म्हणाले तरी कागद बघितल्याशिवाय वर जायचं नाही.

आता मुख्य मुद्दा, टोक. विजेच्या पोलसाठीचं टोक आखूड असतं, साधारण दीड इंच, आणि झाडासाठीचं लांब, अडीच इंच किंवा जास्त. रस्त्याकडेचे जुने पर्जन्यवृक्ष किंवा चिंच घ्या, साल जाड आणि भेगाळलेली, तिथे आखूड टोक लाकडापर्यंत पोचतच नाही, नुसतं सालीत रुततं आणि सालीची ढलपी निघाली की पाय गेलाच म्हणून समजा, त्यात पावसाळ्यात ओली साल अजूनच सुटते. उलट निलगिरी, सुबाभूळ असल्या पातळ सालीवर लांब टोक पूर्ण आत जात नाही, पाऊल खोडापासून बाहेर राहतं आणि तासाभरात घोट्याला पीळ बसतो. आपल्याकडे एका आठवड्यात जाड आणि पातळ दोन्ही सालींची कामं येतात, त्यामुळे टोक स्क्रूने बदलता येणारा सेटच घ्या, झिजलं तरी तेवढंच बदलायचं.

स्टील का ॲल्युमिनियम? ॲल्युमिनियम हलकं, स्टील स्वस्त. माझं मत विचाराल तर तिथे वाचवा आणि पैसे पॅडला घाला, कारण सगळा भार नडगीवर येतो आणि पातळ पॅड असलं की दुपारपर्यंत काळंनिळं होतं. दांड्याची उंची ॲडजस्ट होणारी हवी, वरचं टोक गुडघ्याच्या थोडं खाली यायला पाहिजे, गुडघा वाकवल्यावर टोचलं तर एक भोक खाली घ्या. बूट कडक तळाचे आणि टाचवाले, स्पोर्ट शूज घालून चढलात तर खालची पट्टी तळव्यात घुसते.

टोकाला धार हाताने, फाईलनेच म्हणजे कानशीने, पुण्यात बोहरी आळीत चांगल्या मिळतात. ग्राइंडर लावू नका, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतं. सुईसारखं टोकदारही करू नका, इतकं रुततं की पाय काढताना दमछाक होते.

पहिल्यांदा घालाल तेव्हा पाडायच्याच झाडावर, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, कमरेचा लॅनयार्ड म्हणजे पट्ट्याला अडकवलेला आधाराचा दोर खोडाभोवती टाकून चालून बघा. गुडघे खोडापासून लांब ठेवा, भीतीने झाडाला मिठी मारली की टोकाचा कोन बदलतो आणि ते सुटतं.