चर्चेचे धागे कसे लावावेत, म्हणजे आलेल्या माणसाला हवं ते सापडेल

बागकामावरच्या एका चर्चागटाची मांडणी मी बरीच वर्षं सांभाळतेय. सुरुवातीला चाळीसेक लोक होते तेव्हा सगळं एकाच यादीत चालायचं, पुढे माणसं वाढली आणि "पानं पिवळी पडतायत" हा एकच प्रश्न महिन्यातून सहा वेळा यायला लागला, आणि दर वेळी कुणीतरी जुना सभासद वैतागून लिहायचा की आधी शोधा ना जरा. पण तो बिचारा नवा माणूस शोधूनच आलेला असायचा. त्याला सापडलंच नव्हतं, कारण आमची मांडणीच तशी होती. म्हणून तुम्ही कुठला ग्रुप, कुठलं चर्चास्थळ चालवत असाल तर मी काय काय करून बघितलं ते क्रमाने सांगते.

१. मतदान घेण्याआधी लोक काय शोधतात ते बघा

आपण पटकन पोल टाकतो, "तुम्हाला कुठली रचना आवडेल?" त्यात उत्तर देतात ते रोज लिहिणारेच. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता, की अशा ठिकाणी शंभरातले ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण उरलेल्या एकाचं असतं. प्रत्येक ठिकाणी आकडे तंतोतंत असेच येतील असं नाही, पण वाचनमात्र मंडळी पोलमध्ये दिसत नाहीत हे मात्र मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे आधी महिनाभराचे शोधशब्द काढा. कशासाठी शोध घेतला आणि एकही धागा, म्हणजे एका विषयावरची चर्चा, उघडला नाही, ती यादी सगळ्यात कामाची. तीच तुमची खरी तक्रारवही.

२. विभाग कमी ठेवा, आणि नावं सभासदांकडून घ्या

यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यावर १९८७ मध्ये सगळ्या चर्चागटांची नावं नव्याने लावली तेव्हा वरच्या पातळीवर फक्त सात शीर्षकं ठेवली होती, कॉम्प्युटर, विज्ञान, समाज, करमणूक वगैरे. एवढ्या मोठ्या जाळ्याचं सातात भागत होतं, मग आपल्याला वीस विभाग कशाला लागतात?

नावं ठरवायला चिठ्ठ्यांची पद्धत वापरा. जुन्या चाळीस-पन्नास धाग्यांची शीर्षकं चिठ्ठ्यांवर लिहा, सात-आठ जणांना वेगवेगळं बसवा आणि सांगा की याचे ढीग करा, मग प्रत्येक ढिगाला नाव द्या. मध्ये बोलू नका. आमच्याकडे ती "पानं पिवळी" वाली चिठ्ठी कुणी रोगांत टाकली, कुणी पाण्यात, कुणी खतात, एक बाई तर ती हातात धरूनच बसल्या होत्या. तिथेच कळलं की हा धागा एका खोक्यात मावणारच नाही. अशांसाठी टॅग, म्हणजे धाग्याला लावायचे विषयशब्द असतात, धागा राहील एका विभागात पण टॅग तीन लावता येतात. ज्या चिठ्ठीवर सगळ्यांचं एकमत होतं तो विभाग, जिथे फाटाफूट होते तिथे टॅग, इतकं सोपं आहे ते.

नवीन विभागाची मागणी आली की लगेच हो म्हणू नका. यूजनेटवर नव्या गटासाठी मतदान व्हायचं, तेव्हा विरोधापेक्षा किमान १०० मतं जास्त आणि एकूण दोन तृतीयांश पाठिंबा लागायचा. मी एवढं कडक नाही करत, पण त्या विषयावर आधीच पंधरा-वीस धागे असतील तरच विभाग काढते. रिकामा विभाग बघून नवा माणूस आल्या पावली परत जातो.

३. सरळ यादी की प्रतिसादाखाली प्रतिसाद?

इथे लोक अक्षरशः हमरीतुमरीवर येतात. आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असतं. रेडिटसारख्या ठिकाणी उपप्रतिसाद आत आत जातात, त्यामुळे कोण कुणाला बोलतंय ते स्पष्ट कळतं आणि अवांतर सुरू झालं तर ती फांदी मिटून पुढे जाता येतं. उलट २०१३ मध्ये आलेल्या डिस्कोर्स या चर्चास्थळं चालवायच्या सॉफ्टवेअरने मुद्दाम सरळ यादी ठेवली, वेळेनुसार एकाखाली एक, म्हणजे गप्पा जशा झाल्या तशा वाचता येतात.

माझं मत कामावरून ठरतं. गप्पा, अनुभव, फोटो यांना सरळ यादी. शंभर जण शंभर मुद्दे मांडणार असतील तर फांद्या. पण फांद्या ठेवल्या तर दोन पातळ्यांवर थांबवा, हे मी कळकळीने सांगते. स्वतःच्या मोबाइलवर एक लांबलेला धागा उघडून बघा, सातव्या-आठव्या पातळीला मजकूर उजव्या कडेला इतका चेपला जातो की एका ओळीत एकच शब्द उरतो आणि साधं वाक्य वाचायला बोटाने खाली सरकवत राहावं लागतं. सरळ यादी ठेवली तर ज्या वाक्याला उत्तर देताय तेवढंच वाक्य वर उद्धृत करायची सवय लावा, अख्खा प्रतिसाद नको.

४. वर काय दिसणार?

शेवटचा प्रतिसाद ज्यावर आला तो धागा वर, ही जुनी आणि बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली पद्धत. तोटा एवढाच की कुणी नुसतं "+१" (म्हणजे "मीही सहमत") लिहूनही धागा वर काढतं.

प्रश्नोत्तरांना मतांवर क्रम बरा पडतो, पण मतांच्या क्रमात जो आधी लिहितो त्याचं फावतं, त्याला मतं गोळा करायला जास्त वेळ मिळतो. म्हणून रेडिटने २००९ मध्ये 'बेस्ट' क्रम आणला, त्यात नुसती बेरीज न बघता किती मतांपैकी किती बाजूची आणि तेवढ्या मतांवर किती भरवसा ठेवायचा, हे गणित असतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनेही विचारणाऱ्याने निवडलेलं उत्तर सगळ्यात वर चिकटवून ठेवणं २०२१ मध्ये बंद केलं. बरोबरच आहे, विचारणाऱ्याचं काम भागलं म्हणजे ते उत्तर सर्वात चांगलं असतंच असं नाही, आणि पुढे त्याहून चांगलं उत्तर आलं तर ते खालीच राहतं.

५. 'मी कुठे थांबले होते' हे दाखवा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. १४० प्रतिसादांच्या धाग्यावर माणूस दोन दिवसांनी परत येतो तेव्हा त्याला नवीन ११ तेवढे हवे असतात. फांद्यांच्या रचनेत हे ११ मधेमधे विखुरलेले असतात, त्यामुळे नव्यावर ठळक खूण आणि "पुढचा नवीन" असं बटण हवंच. आमच्याकडे ही सोय आली आणि फांद्या की यादी हा वाद निम्म्याने थंडावला, लोकांचा राग मुळात रचनेवर नव्हताच, हरवून जाण्यावर होता.

६. बदल करताना सवयीला धक्का बेताने द्या

मी एकदा रात्रीत सगळं बदललं होतं. सकाळी दोन जुने, छान लिहिणारे सभासद निरोप घेऊन गेले ते आलेच नाहीत, मला अजून वाईट वाटतं. आता मी आधी वीसेक जणांना पंधरा दिवस वापरायला देते, त्यातले निम्मे तरी वाचनमात्र घेते. नव्या माणसाला जे आपोआप दिसतं ते नीट विचार करून ठरवा, कारण सेटिंगमध्ये जाऊन बदलणारे फार थोडे, पण जुन्यांसाठी जुना क्रम सेटिंगमध्ये ठेवाच. जुन्या लिंका मोडू देऊ नका, लोकांनी वाचनखुणा करून ठेवलेल्या असतात. आणि बदलाच्या दिवशी "सापडत नसेल तर इथे लिहा" असा एक धागा वर चिकटवा, महिनाभर तिथे रोज स्वतः उत्तर द्या, आणि महिना संपला की तिथल्या प्रश्नांची यादी घेऊन पुन्हा पहिल्या पायरीला या.