कण पेशीतून गेले की फटीतून? ट्रान्सवेलमधली तपासणी

ट्रान्सवेल म्हणजे सच्छिद्र पडद्यावर पेशींचा थर वाढवायचं, वर-खाली दोन कप्प्यांचं भांडं. त्याच्या खालच्या कप्प्यात कणांना लावलेल्या रंगाची चमक दिसली म्हणजे औषधवाहू नॅनोकण पेशी ओलांडून आले, असं लगेच धरू नका. ते दोन पेशींमधल्या फटीतूनही झिरपतात. कधी कण वरच राहतात आणि त्यांचा सुटलेला रंग तेवढा खाली उतरतो.

१२ मिमी व्यासाचं इन्सर्ट (तळाला पडदा असलेली, आत बसणारी वाटी) घ्या, पडदा १.१२ चौ. सेंमी भरतो. छिद्रं ३ मायक्रोमीटरची हवीत. ०.४ मायक्रोमीटरच्या छिद्रांत कण अडकतात आणि दोष पेशींच्या माथी येतो. मोठ्या छिद्रांतून पेशी खाली सरकून दुसरा थर धरतात, हा त्यातला तोटा. म्हणून एक इन्सर्ट खर्ची घालून केंद्रकं रंगवा आणि पडद्याच्या दोन्ही बाजू बघा.

पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचा लेप देऊन दर चौ. सेंमीला साधारण १ लाख पेशी पेरा. वर ०.५ मिली, खाली १.५ मिली मिडियम. वर जास्त झालं तर नुसत्या दाबाने द्रव खाली ढकलला जातो.

रोज थराचा विद्युतरोध मोजा. तो जितका जास्त, तितक्या पेशींमधल्या फटी घट्ट मिटलेल्या. समजा आकडा १५० ओहम आला आणि बिनपेशींच्या इन्सर्टचा १२० आहे. उरलेले ३० गुणिले १.१२, म्हणजे ३३.६ ओहम-चौ. सेंमी. इनक्युबेटरमधून काढल्या काढल्या मोजू नका. प्लेट गार होते तसा आकडा चढत जातो. नाळेच्या शिरेतल्या पेशींचा रोध मुळातच कमी असतो. तिथे ७० किलोडाल्टनच्या, वेगळ्या रंगाच्या डेक्स्ट्रानच्या (मोठ्या शर्करा-रेणूच्या) गळतीवर जास्त भरवसा ठेवावा.

कण वर घातल्यावर ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांनी खालून १०० मायक्रोलिटर काढा, तेवढंच कोमट मिडियम भरा आणि काढलेलं पुढच्या हिशेबात मिळवा. सोबत एक इन्सर्ट बिनपेशींचं, एक ४ अंश सेल्सिअसला. थंडीत पेशींची वाहतूक थांबते, फटीतली गळती मात्र मंदावून चालूच राहते.

खालचा नमुना कण अडवणाऱ्या गाळणीतून काढा. पलीकडे उतरली ती चमक सुट्या रंगाची. शेवटी वरचं, खालचं, पेशींतलं आणि पडद्याला चिकटलेलं मिळून बेरीज जुळवा. पेशींत भरपूर आणि खाली जवळपास काहीच नाही, हे नेहमीचं चित्र: कण आत शिरले, पण लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत) अडकले.

कण कोणत्या मार्गाने पेशीत शिरतात हे शोधायला मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे रसायन वापरत असाल तर नंतर रोध पुन्हा मोजा. ते कोलेस्टेरॉल ओढून घेतं, त्यात पेशींचे सांधेही सैल होतात. पेशीत आत ओढण्याची क्रिया रोखणारा डायनॅसोर (Dynasore) हा अवरोधक मात्र सीरम असलेल्या मिडियममध्ये घालूच नका. सीरममधली प्रथिनं त्याला धरून ठेवतात.