पडून असलेलं सिम कमी पैशात चालू कसं ठेवायचं

आमच्या पप्पांचा जुना नंबर नाशिकला सिडकोतल्या घरी कपाटात एका बटणवाल्या फोनमध्ये पडून असतो, त्यावर फोन कोणाचाच येत नाही पण आधार, गॅस, निफाडकडच्या बँकेचं खातं सगळं त्यालाच जोडलेलं, त्यामुळे सोडताही येत नाही. मागे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचला, २० रुपये टाका आणि चार महिने बिनधास्त राहा, म्हटलं भारीये. टाकले २० रुपये. महिन्याभराने पप्पा बँकेत काउंटरवर उभे आणि ओटीपी काही येईना, मागे ही लाईन लागलेली.

तर घोळ काय आहे ते आधी समजून घ्या. ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०१३ चा नियम खरा आहे, ९० दिवस सिम अजिबात वापरलं नाही तरच कंपनी नंबर बंद करू शकते, आणि तेव्हा बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर २० कापून आणखी ३० दिवस देतात, बॅलन्स नसेल तर १५ दिवसांची सवलत. पण हा नियम नंबर हातातून जाऊ नये म्हणून आहे, इनकमिंग चालू राहील असं त्यात कुठेच नाही. प्लॅन संपला की आउटगोइंग जातं, मग थोड्या दिवसांनी इनकमिंग आणि ओटीपी पण.

आणखी एक गंमत, २० चा टॉपअप मारला की बॅलन्स येतो १४.९५, म्हणजे २० कापायला २० नसतातच! ५० चा मारा, ३९.३७ येतात.

म्हणून आधी ठरवा, नुसता नंबर जपायचाय की ओटीपी पण हवेत. ओटीपी हवे असतील तर प्लॅन लागणारच. दर महिन्याला १९९ चं रिचार्ज मारत बसलात तर २८ दिवसांच्या हिशोबाने वर्षाला १३ वेळा, म्हणजे २५८७ रुपये, कपाटातल्या फोनसाठी! त्यापेक्षा डेटा नसलेला प्लॅन बघा, ट्रायने सांगितल्यावर जानेवारी २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनी आणले, तेव्हा एअरटेलचा ३६५ दिवसांचा १८४९ ला आणि जिओचा ३३६ दिवसांचा १७४८ ला होता. रेट बदलत असतात, अ‍ॅपमध्ये खाली खाली स्क्रोल करा, हे प्लॅन वर दाखवतच नाहीत. एमजी रोडवरच्या दुकानात पण 'फक्त कॉलिंगचा' असं स्पष्ट मागा, नाहीतर तो डेटावालाच मारतो.

अजून स्वस्त हवं असेल तर बीएसएनएलला पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, त्यांचे लांब व्हॅलिडिटीचे प्लॅन बहुतेक वेळा कमी पैशात बसतात. पण आधी कोणाचं तरी बीएसएनएल सिम आणून घरात त्याच कपाटापाशी रेंज बघा. मग इंग्रजीत पोर्ट, स्पेस आणि नंबर असा मेसेज १९०० ला पाठवायचा, कोड येतो, तो ४ दिवस चालतो. सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस पोर्ट होत नाही हे लक्षात ठेवा.

आता वापराचं, म्हणजे त्या ९० दिवसांच्या नियमात काय मोजतात ते. नुसते ओटीपी येतात म्हणजे सिम वापरात आहे असं नाही हं, येणारा मेसेज मोजत नाहीत. कॉल झाला पाहिजे, किंवा आपल्याकडून एक मेसेज गेला पाहिजे, आणि मिस्ड कॉल देऊन भागवू नका, उचलायला लावा. आई दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत बसलेली असते तेव्हा आम्ही तो फोन चार्जिंगला लावतो आणि त्यावरून मावशीला कॉल करतो. मावशी पंचवटीत, तिचाही उपास सुटायचा असतो, त्यामुळे एक मिनिटाचा कॉल वीस मिनिटं चालतो.