यादीत आहे, कपाटात नाही

वेंगुर्ल्याच्या पुढे, समुद्राकाठच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा कार्यकारिणीने पहिलंच काम सांगितलं : शिफारस झालेल्या पुस्तकांपैकी आपल्याकडे किती आहेत ते काढा. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, या पद्धतीवर अर्धं पान होतं. प्रमाणित यादी घ्या, आपल्या तालिकेशी (पुस्तकांच्या सूचीशी) ताडून पाहा, टक्केवारी काढा. मला वाटलं, आठ दिवसांत हातावेगळं होईल. दोन महिने लागले. त्यातले पहिले तीन आठवडे तर पाण्यातच गेले. तुमच्याकडे हे काम येणार असेल तर निदान तेवढे वाचवा.

सुरुवात चुकली ती यादीपासूनच. हाताशी होती म्हणून मी शासनमान्य ग्रंथयादी घेतली. अनुदानातून खरेदी करताना ती लागतेच, पण तिच्यात त्या-त्या वर्षात निघालेली पुस्तकं असतात. पन्नास-साठ वर्षांचा संग्रह कसा आहे, हे तिला विचारून काय उपयोग? मग पुरस्कारांकडे वळले. मराठीत ज्ञानपीठ मिळालेले लेखक चार : खांडेकर (1974), कुसुमाग्रज (1987), विंदा करंदीकर (2003) आणि नेमाडे (2014). चौघेही आमच्याकडे होते. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवायचे, विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. यांची पुस्तकं नसती तर गावाने वाचनालयाला कुलूपच लावलं असतं! शंभर टक्के गुण मिळाले, कळलं काहीच नाही. ज्या यादीत सगळेच पास होतात ती यादी परीक्षेला घेऊ नये.

कॉलेजच्या ग्रंथालयात असाल तर मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातली संदर्भपुस्तकं हीच पहिली यादी. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी केलेल्या जाडजूड याद्याही कुणीतरी तुमच्या हातात देईल. त्या विषयवार चाळायला बऱ्या, पण त्यांच्यावरून आपली टक्केवारी काढायला बसू नका. शेवटी मी वेगवेगळ्या याद्यांतून विषयवार एक कच्ची यादी केली आणि जिथे ती फार मोठी झाली तिथे दर दहावं पुस्तक तपासलं.

खरी मारामारी जुळवणीची. आमचं सॉफ्टवेअर शोधलं की ‘नाही’ म्हणायचं आणि पुस्तक समोरच्या फळीवर बसलेलं असायचं. कारणं एकेक करून सापडत गेली. दाखल रजिस्टरातल्या, म्हणजे आलेलं पुस्तक ज्यात नोंदतात त्या वहीतल्या, जुन्या नोंदी शुद्धलेखनाचे नियम बदलण्यापूर्वीच्या. तिथे ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’ असे अनुस्वार, आणि संगणकावर नोंदी चढवताना कुणी ते ठेवलेले, कुणी उडवलेले. शिवाय टोपणनावं. मालगुंडचे केशवसुत एका नोंदीत केशवसुत, दुसरीत ‘दामले, कृष्णाजी केशव’. कुसुमाग्रजांची कविता एका कपाटात आणि शिरवाडकरांचं नाटक दुसऱ्यात, संगणकाच्या लेखी ती दोन माणसं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तर दोन रीतींनी टाइप होतो, डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला वेगळा. आयएसबीएनवर, पुस्तकाच्या ओळखक्रमांकावर, भिस्त ठेवावी तर जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. शिवाय समग्र वाङ्मयाच्या एका खंडात यादीतली चार पुस्तकं लपलेली असतात, ती अनुक्रमणिका उघडल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून सल्ला एकच : संगणक ‘नाही’ म्हणाला की फळीपर्यंत चालत जा.

दुसरा घोळ जिल्ह्याचा. स्थानिक इतिहासाच्या विभागात मी ‘सिंधुदुर्ग’ टाकून शोधत होते आणि जुनं काहीच मिळेना. मिळणार कसं? जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधीचं सगळं ‘रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी’ या नावाखाली. 1880 च्या गॅझेटियरचा खंडही ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ असाच आहे. रायगडवाल्यांनी असंच आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव ‘कुलाबा’ शोधून बघावं.

तक्ता करताना ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोनच रकान्यांवर भागवू नका. मी चार केले : आहे, वेगळी आवृत्ती आहे, नोंद आहे पण पुस्तक नाही, नाही. तिसरा रकाना आमच्या शिपाईकाकांनी भरून दिला. एका बागायतीच्या पुस्तकापाशी मी अडले, तर म्हणाले, “तां आसा गो, पण कपाटात गावाचां नाय. मास्तरांच्या घराकडे आसा.” किती वर्षांपासून, ते विचारलं नाही. असं पुस्तक नव्याने विकत घ्यायचं नसतं, आणायला माणूस पाठवायचा असतो. वाळवीने खाल्लेलंही याच रकान्यात, पण शेरा वेगळा, कारण त्याचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे ते नोंदींतून रीतसर काढून टाकावं लागतं.

वेळही बघून निवडा. मे महिन्यात चाकरमानी येतात आणि अर्धी कपाटं रिकामी होतात, गणपतीतही थोडंफार तेच. पावसात पानं सादळलेली, बुरशीच्या वासाने डोकं उठतं आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. दिवाळीनंतर बसा.

टक्केवारीचं मात्र मी पुरतं हसं करून घेतलं. बैठकीत एकच आकडा सांगितला : चाळीस. त्यावर एक सदस्य म्हणाले, “मग उरलेली साठ मागवून टाका.” पैसे कुठले, कपाटं कुठली आणि वाचणार कोण, हे तिन्ही प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवे होते. पुढच्या बैठकीला विषयवार आकडे आणि शेजारी देवघेवीचे आकडे नेले. तेव्हा चित्र पालटलं. समीक्षेच्या विभागात भरपूर ‘नाही’ होते, पण जी होती तीही कुणी नेत नव्हतं. फळबागा आणि मासेमारीच्या विभागात उलटं. असलेली मोजकी पुस्तकं सतत बाहेर, शिवण सुटेपर्यंत वाचलेली. त्या विषयांना माझ्या याद्यांत जेमतेम जागा होती. तिथे मी यादी बाजूला ठेवली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची प्रकाशनं बघितली आणि दोन आंबा बागायतदारांना विचारलं.

मग उलटी तपासणीही केली, जी मला कुणी सांगितली नव्हती : आमच्याकडे आहे आणि कुठल्याच यादीत नाही, असं काय? देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक, मालवणी बोलीतल्या पुस्तिका, दशावतारी आख्यानांची दोन हस्तलिखित बाडं, आणि गठ्ठे बांधून माळ्यावर टाकलेले दिवाळी अंक, ज्यांची दाखल रजिस्टरात नोंदच नव्हती. बाहेरच्या यादीशी ताडताना या सगळ्याची किंमत शून्य येते. रद्दीत काढायच्या ढिगात त्यातलं बरंच होतं. ते मी परत आत घेतलं, नोंदी केल्या आणि ओल लागू नये म्हणून कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घेतली.

मास्तरांकडचं पुस्तक डिसेंबरात आलं. आत नारळाच्या रोपांच्या खर्चाचा हिशोब लिहिलेला कागद होता. कागद काकांबरोबर परत पाठवला आणि तक्त्यातली नोंद तिसऱ्या रकान्यातून काढून पहिल्यात केली.